तानपुऱ्याची जवारी काढून घ्यायची की तशीच ठेवायची? (थोडं तंत्र, जास्त दोस्त)

सांगलीकर_पुण्यात

नमस्कार मंडळी. प्रश्न साधा आहे पण सांगता सांगता लांबणार, आधीच माफी मागतो.

माझ्या तानपुऱ्याची जवारी गेलीय. म्हणजे खर्ज छेडला की पत्र्यावर वाळू सांडल्यासारखा आवाज येतो आणि जोडीच्या तारा नुसत्या टण्ण टण्ण. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, तारा ज्या घोडीवरून जातात ती घोडी वरून सपाट दिसते पण सपाट नसते, तिला किंचित उतार असतो, डोळ्याला कळणार नाही एवढा, आणि तार त्या उताराला चाटत थरथरते म्हणून तो भरलेला, गुंजणारा आवाज. वाजवून वाजवून घोडीत तारेच्या खाचा पडतात, आवाज बसतो. मग कानशीनं घासून तो उतार परत काढायला लागतो, त्यालाच जवारी काढणं म्हणतात. दुनियाभर हे चालतं, यात विचारण्यासारखं काही नाही.

अडचण अशी की आत्ता जो उतार आहे तो खुंटीच्या हातचा आहे. २०२२ च्या फेब्रुवारीत त्यानं शेवटची जवारी काढली, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो गेला. आता कानस फिरवली की त्याचं काम पुसलं जाणार. बायको म्हणते तू येडा झालायस. असेनही.

खुंटी म्हणजे माझा दोस्त. खरं नाव इथं लिहीत नाही, त्याला आवडलं नसतं. अकरावीत असताना हाडं न् कातडं होता आणि घरी खुंट्या कोरायला बसायचा म्हणून हे नाव पडलं. मिरजेच्या सतारमेकर घराण्यातला. ओळख झाली सांगली-मिरज सिटी बसमध्ये, १९९५ ला. हा चादरीत गुंडाळलेली सतारीची दांडी उभी धरून बसलेला आणि कंडक्टर म्हणतोय ह्याचं हाफ तिकीट काढ. हा शांतपणे म्हणाला, "पाच वर्षाच्या आतलं हाय मामा, कालच झालंय." सगळी बस हसली. मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो ते बसलोच.

त्यांचं घर म्हणजे खाली कारखाना वर बिऱ्हाड. कारखाना कसला, एक लांबट खोली, आढ्याला भोपळे टांगलेले, खाली तुणाच्या लाकडाचा भुसा, आणि लाखेचा वास. तो वास आजही कुठं आला की मी थांबतो. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूनं यायचे, कडू जातीचे. अब्बा प्रत्येक भोपळा बोटाच्या पेरानं वाजवून बघायचे, कलिंगडवाला बघतो तसं, आणि आम्हाला न सांगता दोन ढीग करायचे. मला तीस वर्षांत त्या दोन आवाजांतला फरक कळला नाही. कापलेला भोपळा पाण्यात भिजवून मऊ करायचा, तोंड फाकवून आत काटक्या अडकवून वाळवायचा, म्हणजे पाहिजे तसा गोल घेर राहतो. त्या काटक्या कापायचं काम माझं. पगार म्हणजे चहा आणि बटर.

आणि अम्मी. पहिल्या दिवशी अम्मीनं विचारलं, "तुमच्यात खात नाहीत ना?" मी म्हणालो नाही. दुसऱ्या दिवशी चुलीजवळ एक नवी कढई, कानाला सुतळी बांधलेली. ती माझी. तिच्यात बटाट्याची भाजी, पिठलं, अळूची पातळ भाजी, जे काय ते. दोनेक वर्षांत मी बाहेर अंडी खायला लागलो, मग त्यांच्याकडेही. अम्मीला म्हणालो आता राहू दे की ती कढई. तर म्हणाली, "अंडं दुसऱ्या भांड्यात करीन. ह्याच्यात नाही. तुझ्या आईनं विचारलं तर मला खोटं बोलायला नको."

सुतळी कुजली की बदलायची. कढई अजून आहे.

२००४ ला मला पहिली बरी नोकरी लागली तेव्हा हा तानपुरा त्यानं केला. काळी एक पट्टीचा. पूर्ण पैसे घेतले, फक्त पाचशे कमी. म्हणाला दोस्ती दोस्तीच्या जागी, फुकट दिलेलं वाद्य माणूस वाजवत नाही. बरोबरच होतं त्याचं. तारा लावून झाल्यावर वाजवून बघितला आणि म्हणाला, "हा सुरात आहे. आता तू ये."

तो गेला तो हार्टनं, पहाटे, त्रेचाळीसाव्या वर्षी. त्याच्या धाकट्या भावाचा फोन आला, मी पुण्याहून निघालो, साडेदहाला गल्लीत पोचलो. खांदा दिला, माती दिली. कब्रस्तानात कुणीतरी म्हातारे गृहस्थ मला विचारत होते तुम्ही कोण त्यांचे, आणि मी शब्द शोधतोय तेवढ्यात अब्बा मागून म्हणाले, "हा मोठा." मी खुंटीपेक्षा सहा महिन्यांनी मोठा आहे. एवढंच ते.

तर मंडळी, काढू का जवारी?

षड्जपंचम

काढून घ्या. लगेच. भावना कळतात पण खाचा पडलेल्या घोडीवर वाजवत राहिलात तर खाच खोल होते, मग जास्त घासायला लागतं, घोडी पातळ होते. आणि कृपा करून घरी पॉलिश पेपर घेऊन बसू नका, मी बसलो होतो, नंतर कारागिरानं मला जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

एक मध्यम मार्ग सुचवतो. नवी घोडी बसवून घ्या, जुनी काढून जपून ठेवा. दोन्ही साधेल.

तिरकस

शीर्षकात तांत्रिक प्रश्न आणि आत हे. ऑफिसात वाचत होतो. फसवणुकीचा गुन्हा दाखल करा यांच्यावर.

अ‍ॅपवाला

मोबाईलवर तानपुऱ्याची अ‍ॅप आहेत की फुकट, सूरही हलत नाही. असो, लेख छान.

तिरकस

@अ‍ॅपवाला, भावा तू परत पहिल्यापासून वाच.

भडंगप्रेमी

मिरजकर रिपोर्टिंग. काय लगा, सकाळी सकाळी रडवलंस. ती गल्ली रोजची आहे आमची, पण रोजची म्हणूनच आम्ही बघत नाही.

बाहेरच्यांसाठी थोडी भर. ह्या कारागिरांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. हत्यारांचे दिवस गेले तेव्हा, दीडशेपेक्षा जास्त वर्षं झाली, फरीदसाहेबांनी तंतुवाद्यं करायला घेतली आणि पुढं सगळी गल्लीच त्यात पडली. किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत येऊन राहिले त्याला ही वाद्यंही एक कारण असणार असं आपलं माझं मत. खाँसाहेब १९३७ ला गेले तिकडे मद्रासकडं प्रवासात, पण दफन इथं मीरासाहेब दर्ग्यात. दरवर्षी उरसात त्यांच्या नावानं तिथं गाणं होतं, रात्रभर, मोठे मोठे गवई येऊन हजेरी लावतात, तिकीट नाही काही नाही, सतरंजीवर बसायचं. धागाकर्ते, तुमचा दोस्त तिथं तानपुरे लावायला असायचा का हो? एक काटकुळा माणूस आठवतोय, स्टेजच्या मागं, कान तानपुऱ्याला टेकवून डोळे मिटलेला.

सांगलीकर_पुण्यात

@भडंगप्रेमी, काटकुळा आणि डोळे मिटलेला म्हणजे तोच असायची शक्यता आहे, पण त्या गल्लीत अर्धे तसेच आहेत :) हो, तो असायचा. मी शेजारी तारांचे मणी सरकवायला. रात्री दोनला थंडीत तारा सुरातून हलायच्या आणि हा गवयाआधी ओळखायचा.

२०२४ ला मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) मिळाला तेव्हा मी अब्बांना फोन केला अभिनंदन म्हणून. म्हणाले चांगलं झालं, आता दुसरीकडचा माल मिरजेचा म्हणून विकता येणार नाही. मग थोडं थांबून म्हणाले, "ह्याला कागदाची कामं आवडायची नाहीत, फॉर्म मलाच भरायला लावला असता."

@षड्जपंचम, नव्या घोडीचा विचार मी पण केला होता. अब्बांना सांगितलं. म्हणाले, "जुनी डब्यात ठेवून काय करणार, लोणचं घालणार?"

विचारतो_म्हणून_राग_नको

लेख भिडला. एक विचारू का, वाईट वाटून घेऊ नका. दोन्हीकडच्या घरांत कधी काही कुरबूर नाही झाली? सगळं इतकं गोड असतं का खरंच? मिरजेत २००९ ला गणपतीत दंगल झाली होती, तेव्हा?

सांगलीकर_पुण्यात

राग नाही. गोड कुठं म्हणतोय मी. माझ्या आईनं पहिली तीन-चार वर्षं खुंटीला स्टीलच्या पेल्यात पाणी दिलं ते वेगळ्या पेल्यात. त्याला कळत होतं, मला कळत होतं, आम्ही दोघंही बोललो नाही. अम्मीची वेगळी कढई आणि आईचा वेगळा पेला, वस्तू दोन्ही वेगळ्याच ठेवलेल्या, पण किती फरक आहे बघा. आईला वाईट म्हणत नाही. तिची घडण तशी होती.

२००९ ला कर्फ्यू लागला तेव्हा मी पुण्यात. फोन लागेना. दुसऱ्या दिवशी लागला तर खुंटी म्हणाला दुकान बंद आहे, झोपा काढतोय. नंतर वर्षभरानं कळलं की तीन रात्री ते सगळे जागे होते. मला सांगितलं नाही. हे मला अजून लागतं. म्हणजे अशा वेळी मी त्याच्यासाठी कुणी वेगळा झालो होतो का, का फक्त काळजी नको म्हणून, हे विचारायचं राहिलं ते राहिलंच.

पेला गेला तो २०१९ च्या पुरात. ते सांगतो.

आमचं घर सांगलीत, गावभागाच्या कडेला. २००५ ला पाणी पायरीपर्यंत येऊन परत गेलेलं, त्यामुळं बाबांचा हट्ट, आपल्याकडं येत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट असताना पाणी ५७ च्या वर गेलं. मी पुण्यात अडकलेला, रस्ते बंद, फोनची बॅटरी वाचवायची म्हणून आई दिवसातून दोन मिनिटं बोलणार. खुंटी टेंपो घेऊन विश्रामबागेपर्यंत आला, पुढं चालत, पुढं कमरेएवढ्या पाण्यात. बोटीनं आई-बाबांना काढलं तेव्हा हा किनाऱ्याला उभा, डोक्यावर अम्मीनं दिलेली कोरड्या कपड्यांची पिशवी. बाबांनी नंतर सांगितलं, त्यानं आधी आईला विचारलं, "काकू, देव घेतलेत ना?" आईनं पिशवी उघडून दाखवली. लंगडा बाळकृष्ण, शाळुंका आणि दोन टाक, टॉवेलात गुंडाळलेले.

नऊ दिवस राहिले मिरजेत. आणि बघा कसं जुळून आलं, १२ ऑगस्टला बकरी ईद आणि त्याच दिवशी श्रावणी सोमवार. आईचा उपास. अम्मीनं आदल्या रात्रीच साबुदाणा भिजत घातला. कुर्बानी त्या वर्षी घरी केली नाही, ते पैसे पूरग्रस्तांच्या जेवणाला दिले, आणि नातेवाइकांकडून वाटा आला तो वर आणूच दिला नाही, खालच्या खाली वाटून टाकला. आईला हे दोन दिवसांनी धाकट्याच्या बायकोकडून कळलं.

आणि आईनं ती कढई बघितली. सुतळी कसली विचारलं. अम्मीनं सगळं सांगितलं, अगदी सगळं. त्या रात्री मला फोन. मला वाटलं आई हळवी झाली असेल. तर म्हणाली, "म्हणजे तू अठ्ठ्याण्णवपासून तिथं अंडी खातोयस?"

घरी परत गेल्यावर चिखल काढताना भांडी निघाली त्यात तो पेलाही होता. आईनं भंगारात दिला. मला हे बाबांनी सांगितलं, आई कधी बोलली नाही.

तिरकस

अठ्ठ्याण्णवपासून अंडी 😂😂 आणि लगेच पेल्यावर आणून सोडलंत. मी आता हा धागा घरी जाऊन वाचणार.

सातासमुद्रापार

इथं कधी लिहीत नाही, वाचनमात्र आहे. पण आज राहवलं नाही.

माझी होस्टेलची रूममेट, नागपूरची. सुट्टीत मी मुंबईला न जाता तिच्या घरी जायचे, तिच्या आईनं माझ्यासाठी सांडगी मिरची वेगळी बरणी भरून ठेवलेली असायची कारण बाकी कुणाला एवढं तिखट चालायचं नाही. ती गेली, कॅन्सरनं. त्यानंतर दोनदा गेले त्यांच्याकडे. दोन्ही वेळा काकू मला बघून इतक्या रडल्या की मला वाटलं आपण जाऊन त्रासच देतोय. मग जाणं बंद केलं, मग फोन, मग दिवाळीचा मेसेज पण. मग अमेरिका. तुमचं वाचून वाटलं की काकू रडत होत्या म्हणून मी जायला हवं होतं, मी उलटंच केलं. आता बारा वर्षांनी कुठल्या तोंडानं फोन करू?

सांगलीकर_पुण्यात

@सातासमुद्रापार, मी पण तेच करत होतो हो. खुंटीचा चाळीसावा दिवस झाल्यावर मी फोन करायचो नाही, उगाच जखमेला हात नको म्हणून. एक दिवस अम्मीचाच फोन. हॅलो नाही काही नाही, "तीन शुक्रवार झाले. सीम बदललास काय?" म्हणजे ती मोजत होती. मला माहीतच नव्हतं की मी शुक्रवारी फोन करायचो.

तुम्ही करा फोन. सांडगी मिरची मागा सरळ.

जुनी_हार्मोनियम

वय ७४. मुलगा मराठी टाइप करून देतोय. आमच्या गुरुजींचा तानपुरा त्यांच्यामागं त्यांच्या घरच्यांनी काचेच्या कपाटात ठेवला. आठवण म्हणून. सहा-सात वर्षांनी उघडला तर भोपळ्याला कीड, तबली (भोपळ्यावरची लाकडी पाटी) फुगलेली. तेव्हा ठरवा.

सांगलीकर_पुण्यात

अपडेट देतो, बऱ्याच जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) केले.

शनिवारी तानपुरा घेऊन गेलो. धाकट्याकडं दिला. तो सतारीचं फिनिशिंग, पॉलिश, नक्षीकाम करतो, जवारी हे खुंटीचं काम होतं, त्यामुळं ह्यानं हात लावलाच नव्हता फारसा. गेली दोन वर्षं शिकतोय. अब्बांच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन पण नीट दिसत नाही, ते खाटेवर भिंतीला टेकून. धाकटा घासणार, वाजवणार, अब्बा ऐकणार, "पुढनं." परत घासणार. "जास्त झालं." "आता बघ." असं चार तास. मध्ये नमाज आणि मध्ये चहा. एक तार खुलली की दुसरी बसायची. दोरा तारेखाली सरकवून बघायचा, केसभर पुढं, केसभर मागं, एका जागी तार एकदम बोलायला लागते आणि तिथून जरा हलला की परत मुकी. मी हे शंभरदा बघितलंय पण ह्या वेळी पहिल्यांदा नीट बघितलं.

घोडीचा भुसा खाली पेपरवर पडत होता. पांढरट, चिमूटभर. माझं सगळं लक्ष त्याच्यावर. मनात म्हटलं झालं की पुडी बांधून घेऊ, कुणाला सांगायला नको. खिशात एटीएमची पावती होती ती काढून हातात धरली. तेवढ्यात धाकट्यानं सवयीनं वाकून फुंकर मारली, फुऽऽ, आणि परत घासायला लागला. मी पावती खिशात ठेवली.

आवाज तोच आला का असं विचारलंय काहींनी. नाही आला. खुंटी जवारी जरा बंद ठेवायचा, दबलेली, त्याला खुल्या जवारीची बडबड आवडायची नाही. ही खुली आहे. धाकटा घाबरून अब्बांकडं बघत होता. अब्बा बराच वेळ ऐकत राहिले, मग म्हणाले, "ह्याच्या हातची आहे. चांगली आहे."

पैसे विचारले तर धाकटा नको म्हणायला लागला. अब्बा ओरडलेच, "घे. मोठ्यानं घेतले होते." आता ह्यात मोठा कोण हे मी विचारलं नाही. दिले. पन्नास रुपये परत आले.

षड्जपंचम

फार सुंदर. फोटो टाका तानपुऱ्याचा.

भडंगप्रेमी

आलास आणि सांगितलं नाहीस? भडंगाचं पाकीट देणार होतो.

सातासमुद्रापार

फोन केला. काकूंनी नाव सांगायच्या आधी आवाज ओळखला. बाकी नंतर लिहीन.

सांगलीकर_पुण्यात

@सातासमुद्रापार 🙏

फोटो नाही कारण तानपुरा तिथंच आहे. नव्या तारा ताणून बसायला आठवडा लागेल म्हणे, मग एकदा परत हात फिरवणार. पुढच्या रविवारी आणायला जायचंय. अम्मीनं विचारलंय आईला घेऊन येतोयस का, म्हणजे अळू आणून ठेवते. आई म्हणतीय तिला सांग अळू खाजरं घेऊ नको, मागच्या वेळचं खाजरं होतं.

तिरकस

आणला की रेकॉर्डिंग टाका. फक्त तानपुऱ्याचं. तुमचं गाणं नको.